ग्रीसमधला फ्लॅट आणि विहिरीचा गट

माणसाची माती एकच असते, आणि तो जगात कुठेही गेला तरी ती त्याला सोडत नाही. हे वाक्य माझं आहे. आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात गळ्यात हार असताना मी ते म्हणालो आणि टाळ्या मिळाल्या. पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आपापली माती महामार्गालगत प्लॉट पाडून विकली होती, हे मला माहीत होतं. पण हार गळ्यात असला की माणूस माहीत असलेलं सगळंच बोलत नाही.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ पुण्याहून आला आणि म्हणाला, "दादा, मी ग्रीसमध्ये फ्लॅट घेतोय. इथला माझा हिस्सा विकायचं म्हणतो."

आमच्या गावी, निमगाव सावाला, आम्ही विहिरीच्या थारोळ्यावर बसलो होतो. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडायचा दगडी हौद. मोट गेली, इंजिन आलं. इंजिन गेलं, मोटर आली. थारोळं बसायला उरलं. घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी तिथेच बोलायच्या, अशी आमच्या वडिलांची पद्धत होती. घरात बोललं तर बायकांना कळतं, असं ते म्हणत. आईला थारोळ्यावरचं सगळं कळत असे, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

भावानं मला सगळं समजावून सांगितलं. परदेशी माणसानं तिथे ठरावीक किमतीचं घर घेतलं की सरकार त्याला निवासाचा परवाना देतं. त्याच्या बायकोला आणि मुलीलाही. मुलीला युरोपात शिकायचं होतं, आणि वीस वर्षं संगणकासमोर बसून त्याला आता समुद्रासमोर बसायचं होतं. पैशाची सोय इथल्या जमिनीतून होणार होती. जमीन म्हणजे दोन गट. रस्त्याकडचा मोठा गट वडिलांच्या मागे आम्ही वाटून घेतला होता. दुसरा विहिरीचा गट: विहीर, थारोळं, आणि भोवती खडक, ज्याला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणतात. तो वडिलांनी कधी वाटला नाही. "विहिरीला रेघ कुठून मारू?" असं ते विचारत.

"विहिरीचा पण?" मी विचारलं.

"घेणारा कळंबचा आहे. रोपवाटिका टाकायचीय त्याला. अर्धी विहीर नावावर पाहिजे म्हणतो, नाहीतर भाव कमी देईल."

रस्त्याकडच्या गटाचं मला, खरं सांगायचं तर, फारसं काही वाटलं नाही. विहिरीचं वाटलं.

लहानपणी त्या पाण्यानं आम्ही दारं धरायचो. म्हणजे पाटातलं पाणी एका वाफ्यात भरलं की मातीनं त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. मी मोटरीपाशी, तो वाफ्यांत. त्याच्या कमरेला मागच्या बाजूनं शाळेचा नकाशासंग्रह खोचलेला असे. एक वाफा भरेपर्यंत तो खडकावर बसून एखादा देश बघायचा, आणि देश मोठा असला की वाफा फुटायचा. रशियाच्या दिवशी कांद्याच्या दोन ओळी वाहून गेल्या. वडील फार बोलले नाहीत. "उद्यापास्नं बारकं देश बघ," एवढंच म्हणाले.

खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही एकाच सायकलवर डबलसीट बघायला गेलो. उसाच्या शेतांपलीकडे ते पांढरे जाळीदार कान आकाशाकडे वळलेले होते आणि आम्ही बघता बघता सगळे एकाच वेळी हळूहळू फिरले.

"दादा, ती कुठं बघत्यात?"

"आपल्याकडं न्हाई, एवढं नक्की," मी म्हणालो.

परत येताना तो कॅरिअरवर गप्प बसला होता. मला वाटलं, ढुंगण दुखत असेल. आता वाटतं, तो तेव्हाच निघून गेला होता. कागदपत्रांना पुढे तीस-पस्तीस वर्षं लागली.

पुण्यातल्या एका हॉटेलात या परवान्यांविषयी मेळावा होता, त्याला तो मला घेऊन गेला. थंडगार दालन, अंगठ्याएवढ्या कपात कॉफी, आणि सूट घातलेला एक तरुण, जो 'घर' हा शब्द एकदाही वापरत नव्हता. तो 'वारसा' म्हणत होता. पडद्यावर निळा समुद्र, पांढऱ्या गच्च्या, आणि गच्चीवर एक जोडपं, ज्यांना साफ करायची भांडी नव्हती. शेवटी त्यानं शंका विचारायला सांगितल्या. मी उभा राहून विचारलं, "चतुःसीमा काय आहेत?"

आमच्याकडे जमिनीचा व्यवहार म्हटलं की पहिला प्रश्न हाच. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला, उत्तरेला. जमीन कशी आहे ते नंतर. आयुष्य काढायचं असतं ते शेजाऱ्याबरोबर. तरुण गोंधळला. भावानं माझा सदरा मागून ओढला. पण प्रश्न नोंदवून घेतला गेला असावा, कारण तीन आठवड्यांनी, भावानं पसंत केलेल्या फ्लॅटविषयी, ग्रीसमधल्या वकीलबाईंचं रीतसर उत्तर आलं: पूर्वेस जिना, पश्चिमेस रिकामी जागा, दक्षिणेस समुद्राचं अंशतः दर्शन, उत्तरेस इतर मालक.

भाऊ हसला. मी तो कागद जपून ठेवला. इतकं प्रामाणिक खरेदीखत आमच्या तालुक्यात मी बघितलेलं नाही.

मंचरच्या पेठेत आमचे एक जुने स्नेही आहेत, बी-बियाणांचे व्यापारी. आमचे वडील त्यांच्या वडिलांकडून बियाणं घेत. जैन कुटुंब, पणजोबा राजस्थानातून आले. मी पुण्याहून परतताना त्यांच्या गादीवर टेकलो आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला.

"गुरुजी, धाकले दोनीबी गट इकनार?"

"हो."

"मंग सातबाऱ्यावरनं नाव समदंच उडंल. शेतकरी न्हाई ऱ्हायचे ते. उद्या पैसे घिऊन आले तरी परत एक गुंठा शेत मिळायचं न्हाई. शेतकऱ्यालाच शेत घेता येतं राव, कायदा हाय."

"तो कशाला घेतोय परत?"

"आमचे पणजोबाबी आसंच म्हनले व्हते. दुकान बास झालं, शेत काय करायचं? आता चार पिढ्या झाल्या. ह्या पेठेतल्या निम्म्या लोकांच्या बारशाचं जेवलोय मी. शेत घ्यायला गेलो की इचारत्यात, शेतकरी दाखला आना. आन् लग्नकार्यात इचारत्यात, मूळ गाव कंचं." त्यांनी चहा बशीत ओतला. "मला चार पिढ्यांत चार गुंठं जमलं न्हाई. तुमच्या भावाला सा म्हैन्यात आख्खा देश. लई हुशार हायेत धाकले."

यात टोमणा किती आणि कौतुक किती हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मी म्हातारपणी येऊन दारं धरणार आहे का?" मी म्हणालो, नाही. कळंबच्या त्या घेणाऱ्या पाहुण्यानं इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला आणि भाऊ फ्लॅट बघायला ग्रीसला गेला.

जाताना त्याच्याकडे पेढ्यांचा एक डबा होता. तो मीच दिला होता. आमच्याकडे नव्या शेताचा सौदा पक्का करण्याआधी बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याकडे जाऊन बसतात. परवानगी अशी कुणी मागत नाही, पण चहा होतो, पाण्याच्या पाळीचं बोलणं होतं आणि शेजारी कसा आहे ते कळतं. भाऊ आधी नाही म्हणाला, मग डबा बॅगेत टाकला. वकीलबाईंच्या कुठल्याही यादीत हे काम नव्हतं.

पुढचं त्यानं परत आल्यावर सांगितलं, थारोळ्यावर बसूनच. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. त्यानं आधी त्या मजल्यावरच्या तीन दारांची बेल वाजवली. कोणी उघडलं नाही. खाली दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी भेटली, सोबत तिची नात. डबा हातात घेऊन म्हातारीनं विचारलं, हे विकायला आणलंय का? नातीनं इंग्रजीतून समजून घेतलं आणि तिला सांगितलं. मग म्हातारीनं त्याला आत बसवलं, एक पेढा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, वर कोणी राहत नाही. वर सगळे मालक आहेत."

खाली विहिरीत कुठलातरी पारवा फडफडला. आम्ही दोघांनीही वाकून बघितलं, तसं बघण्यासारखं काही नसताना.

"आधी तिथे कोण कोण राहायचं ते सांगत होती. वरच्या मजल्यावर एक शिंपी होता, एक शाळामास्तर होता. आता चार वर्षं जिन्यात कोणाच्या पायाचा आवाज नाही म्हणाली. निघताना विचारलं तिनं, तुम्ही येऊन राहणार ना?"

"मग तू?"

"मी म्हणालो, हो." तो थोडा वेळ खडकावर नखानं रेघ ओढत बसला. ती उमटत नव्हती. "दादा, मी कशाला खोटं बोललो तिच्याशी?"

मी शिक्षक आहे. अशा प्रश्नांची तयार उत्तरं माझ्याकडे असतात. तेव्हा मी, पेढ्यांचा डबा परत आणलास का, एवढंच विचारलं.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर, लिंबाखाली, भावानं कळंबच्या पाहुण्याला सांगितलं की विहिरीचा गट तो देणार नाही. पाहुणा आधी हसला, कारण आमच्याकडे असं शेवटच्या क्षणी भाव वाढवण्यासाठी म्हणतात. मग त्याच्या लक्षात आलं की भाव कोणी मागतच नाहीये.

"भाऊ, त्या खडकावर काय करनार तुमी?"

"राहणार."

"तिथं? घर न्हाई, झाड न्हाई."

"नावानं राहणार."

पाहुणा माझ्याकडे वळला. "गुरुजी, ह्यांना काय झालं?" मी सांगितलं की परदेशातून आल्यावर दोन-चार दिवस असं होतं. त्यानं बोअर घेण्याच्या खर्चाएवढा भाव कमी केला, जे रास्तच होतं, आणि सही केली.

त्या कमी झालेल्या रकमेमुळे समुद्राचं अंशतः दर्शनही गेलं. भावानं त्याच इमारतीत त्याच मजल्यावरची मागच्या बाजूची जागा घेतली. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि त्या भिंतीला टेकवलेली एक शिडी. परवान्याला ती चालली. खिडकीतून काय दिसावं याविषयी ग्रीस सरकारची अट नाही. मंचरच्या व्यापारी स्नेह्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "खडक ऱ्हायला ना? मंग बास." त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता, असं मला वाटलं, पण त्यांनी चहा दुसऱ्यांदा मागवला म्हणून मी तो हेवा मोजत बसलो नाही.

विहिरीच्या गटाच्या सातबाऱ्यावर आजही आम्हा दोघांची नावं एकाखाली एक आहेत. पिकाच्या रकान्यात काही नाही. मी अधूनमधून संध्याकाळी थारोळ्यावर जाऊन बसतो. रस्त्याकडच्या गटात आता पाहुण्याची हिरव्या जाळीखाली रोपवाटिका आहे, लांबून बरी दिसते. कधी कधी त्याचा गडी ट्रेमधल्या रोपांना झारीनं पाणी घालताना दिसतो. वाफा फुटण्याचा तिथे प्रश्नच येत नाही. गड्याला मी एकदा विचारलं होतं, देशांची नावं किती येतात. "भारत," तो म्हणाला, आणि पुढच्या ट्रेकडे गेला.

भावाच्या परवान्याचं कार्ड आलं तेव्हा त्यानं मला त्याचा फोटो पाठवला. फोटोत तो गंभीर आहे. कार्ड पाच वर्षांचं आहे; फ्लॅट नावावर असेपर्यंत ते पुन्हा मिळत राहतं, आणि त्यासाठी तिथे राहावं लागत नाही. माजी विद्यार्थी मेळाव्यात पुढच्या वर्षी त्याचा 'जागतिक भूमिपुत्र' म्हणून सत्कार झाला. दोन्ही शब्द एकत्र कसे बसतात ते मी विचारलं नाही, कारण मानपत्र मीच लिहिलं होतं.

गेल्या वर्षभरात तो ग्रीसमध्ये नऊ दिवस राहिला. निमगाव सावाला अकरा. त्यातले दोन, सातबारा देणारा तलाठी रजेवर होता म्हणून.