तेरा रिकामे रकाने

बालाघाटच्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची मतमोजणी गेल्या डिसेंबरात, रविवारी दुपारी चार वाजता संपली. वकीलसाहेब दोन मतांनी निवडून आले. मोजणीकाकांनी निकालपत्रावर सही केली आणि पेन टेबलावर आपटला. त्याआधी मी त्यांना कधी काही आपटताना पाहिलं नव्हतं.

मोजणीकाका जिल्हा कचेरीतले निवृत्त बाबू. सगळी नोकरी मतं मोजण्यातच गेलेली. हॉटेलात बसले की आधीच सांगायचे, "पहिली पसंती पोहा. संपला असन तं समोसा. मले परत विचारू नको."

मागच्या वेळी वकीलसाहेब निम्म्याहून कमी मतांवर निवडून आले होते. विरोधातली मतं शाळेतल्या बाई आणि डॉक्टर यांच्यात फुटली होती. या वेळी वकीलसाहेबांनी मंडळाचं वाचनालय मोबाइलच्या दुकानाला द्यायचं जाहीर केलं. बाई आणि डॉक्टर दोघांचा विरोध होता, आणि दोघंही उभे होते. काकांनी सभेत भांडून पसंतीक्रमाचा नियम करून घेतला. नावांपुढे १, २, ३ लिहायचं. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीकडे. पंधरा दिवस ते घरोघरी हेच समजावत फिरले.

फळ्यावर आकडे मी लिहीत होतो. वकील ३१, बाई २४, डॉक्टर १८. डॉक्टर बाद झाले. त्यांच्या अठरा चिठ्ठ्या काकांनी एकेक करून पाहिल्या. पाच बाईंकडे गेल्या. तेरांवर दुसरा आकडाच नव्हता. ३१ विरुद्ध २९.

"काहून नाही लिहिला?" काकांनी भर सभेत विचारलं.

डॉक्टरांच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेबाले वाईट वाटलं असतं ना, काका. त्यायच्या खाली दुसऱ्याचं नाव कसं लिहाचं?"

"डॉक्टर बाद झाल्यावरच तो आकडा पाहाचा होता, वहिनी. त्यायचं एकही मत घटत नव्हतं. पंधरा दिवस मी तुमच्या अंगणात भजन म्हणून राह्यलो होतो का?"

बाई हळूच म्हणाल्या, "सगळे इथंच आहेत, काका. आता विचारून घ्या."

"पेटी उघडल्यावर कोणी आकडा लिहाचा नाही. मी बी नाही."

त्या वाचनालयात रोज सकाळी पहिला पेपर उघडणारा माणूस हे बोलत होता.

जानेवारीत पुस्तकं पोत्यांत भरून मागच्या खोलीत गेली. दुकानाच्या उद्घाटनाचा नारळ डॉक्टरांनी फोडला. वहिनींनी ओवाळलं. त्याच आठवड्यात मोजणीकाका मुलीकडे किरनापूरला गेले. ते अजून परतलेले नाहीत.