तांबडी गाडी

चाळीस वर्षं लोकांचे दात काढल्यावर दातवाल्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, पण हत्यारं काही सोडली नाहीत. त्याच चिमट्यांनी, कवळीच्या उरल्यासुरल्या प्लास्टरने आणि प्लास्टिकने त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक आगगाडी उभी केली. डोंगरापलीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची ती नक्कल; खरी गाडी कधीच बंद झाली होती. कवळीचं प्लास्टिक गुलाबी, त्यामुळे बाकंही गुलाबी झाली. प्रवासी हिरड्यांवर बसल्यासारखे दिसत. डॉक्टरीणबाई दोन वर्षं ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या.

अडचण रंगाची होती. फोटो सापडले ते सगळे काळेपांढरे. मग कळलं, त्या गाडीचा एक डबा एका शेतात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलाय. दातावरचं कीटण काढायचा आकडा घेऊन दातवाले आत शिरले आणि पत्र्यावरचे थर एकेक करून खरवडले. पांढरा, निळा, पिवळा आणि तळाशी तांबडा. कोंबड्यांनी हरकत घेतली नाही. टेबलावरचे चारही डबे तांबडे झाले.

आता त्या गाडीवरचा एकुलता एक हयात गार्ड बघायला येणार होता. त्याने 'हीच ती' म्हणावं, एवढ्यासाठी दातवाल्यांनी सकाळपासून दोन शर्ट बदलले.

नव्वदीचा गार्ड टेबलावर वाकला. "डॉक्टर, हे तांबडं काय?"

"खरवडून काढलाय. अगदी तळाचा थर!"

"अहो, तळाचा म्हणजे अस्तर! पत्रा गंजू नये म्हणून मारतात. आपली गाडी हिरवीगार."

दातवाल्यांचा चेहरा अक्कलदाढ दुखत असल्यासारखा झाला.

"म्हणजे ताट अजून दोन वर्षं मांडीवर," बाई आतून म्हणाल्या.

"पण मग अस्तरावर हिरवा का नव्हता?" दातवाल्यांनी कसंबसं विचारलं. "वर थेट पिवळा होता. कोंबडीवाल्याचा."

गार्डने तांबड्या डब्यावरून बोट फिरवलं.

"नसणारच," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षी जुना रंग पार घासून काढला, अस्तर मारलं, आणि वरून बंदचा हुकूम आला. मग हिरवा कोण देतोय? दोन महिने तशीच तांबडी धावली. विसरलोच होतो बघा." मग डोळे बारीक करून, "पण एवढी गर्दी कुठली हो? शेवटी शेवटी सहा-सात माणसं."

दातवाल्यांनी चिमटा घेतला. एकेक प्रवासी उपटून ते बशीत टाकू लागले, भूल न देता.

"खिडकीशी मी आहे, बरं का!" बाई धावत आल्या.

"तुला कोण हलवतंय?"

"आणि मी?" गार्डने विचारलं.

दातवाले ओशाळले. दोन वर्षांत गार्ड बसवायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी बशीतला त्यातल्या त्यात उंच माणूस उचलून शेवटच्या डब्याच्या दारात चिकटवला, हातात झेंडा म्हणून कागदाचा कपटा दिला आणि त्यावर हिरवा ठिपका ठेवला. अख्ख्या गाडीत हिरवं तेवढंच.

"हीच ती," गार्ड म्हणाला. "सोडा आता."