बर्फीच्या ट्रेमधला छापखाना

माझं झेरॉक्सचं दुकान दहिवडीच्या अलीकडे, फाट्यावर आहे. एक मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि पासपोर्ट फोटोसाठी भिंतीला लावलेला निळा पडदा, एवढाच पसारा. नवरा मुंबईत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला, मुलगी साताऱ्यात नर्सिंगला. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली.

मामंजी फौजेत क्लार्क होते. हवालदार म्हणून रिटायर झाले, पण फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे मेजरच म्हणतात, तसे तेही गावाचे मेजर. ऐंशी ओलांडली तरी पाठ ताठ आणि दाढी रोजच्या रोज. बोलणं मात्र अगदी मोजकं. मी म्हणायचे, "मामा, च्या झालाय." ते म्हणायचे, "ठेव." दिवसभराचं आमचं बोलणं साधारण एवढंच. दुकान सुरू केलं त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि त्यानंतर एकदाही ते दुकानाची पायरी चढले नाहीत. सुनेनं फाट्यावर दुकान मांडून बसणं त्यांना पटलेलं नाही, असं मी धरून चालले होते. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, वळवानं आमच्या भागाला चांगलाच तडाखा दिला. पाऊस जेमतेम भुई भिजण्याइतका, पण वारं असं सुटलं की विजेचे खांब उसासारखे आडवे झाले. फाट्यावरचा ट्रान्सफॉर्मर खाली आला. वायरमन येऊन बघून गेला आणि "लय काम हाय, आठवडा तरी धरा," म्हणाला. दुसऱ्या दिवसापर्यंत टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या आणि मोबाईलही मुके झाले.

त्याच दिवशी सकाळी शेजारच्या वस्तीवरचे एक मेंढपाळ दुकानात आले. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. वाऱ्यानं मांडवाचं कापड बाभळींवर नेऊन टाकलं होतं, बांबू मोडले होते, आणि लग्न संध्याकाळचं होतं. वीज नसताना संध्याकाळी लग्न लावायचं कसं? म्हणून दोन्हीकडच्या चार माणसांनी बसून ठरवलं, की तारीख तीच ठेवायची, पण लग्न गावातल्या हायस्कूलच्या हॉलमध्ये आणि सकाळी लावायचं.

"वैनी, पावण्यांस्नी कळवायचं कसं?" ते म्हणाले. "फोन लागंना. नवरदेवाकडची मानसं तिकडं आटपाडीच्या बाजूला पसरलेली. पोरं गाडीवरनं जात्याल, पन हातात कागद द्यायला नको का? तेवढं छापून द्या."

मी मशीनकडे बोट दाखवलं. "भाऊजी, ते आता नुसतं टेबल हाय."

तरी त्यांच्या मुलासोबत मी दहिवडीला जाऊन आले. एकाच दुकानात जनरेटर सुरू होता, तिथं मोबाईल चार्ज करायला ही रांग. झेरॉक्सवाला ओळखीचा, पण त्यानं हात जोडले. जनरेटरवर मशीन लावून आतलं एक सर्किट कार्ड आधीच जळालं होतं.

घरी आले तर मेंढपाळ आमच्या ओट्यावर मामंजींपाशी बसलेले. मी दहिवडीतलं सगळं सांगितलं. "तोंडीच निरोप धाडतो मग," असं म्हणून ते उठायला लागले.

"तोंडी नगं," मामंजी म्हणाले. "तिसऱ्या घरात सकाळची दुपार हुती आन हायस्कुलाचं देऊळ हुतंय. बस खाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, ग्लिसरीन मिळंल का गं मेडिकलात?"

मला वाटलं, पाय फुटलेत त्यांचे. "किती पायजे?"

"आसंल तेवढं. आन ती जेली करायची पावडर. जिलेटिन."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली पोस्टिंग डोंगरात होती. वीज नाही, टाइपरायटर एकच, आणि हुकूम मात्र प्रत्येक कंपनीला गेला पाहिजे. तिथं जस्ताचा एक उथळ ट्रे होता, पाटीएवढा, वर झाकण. त्यात घट्ट जेली ओतलेली. जांभळ्या शाईनं कागद लिहायचा आणि तो जेलीवर पालथा घालायचा. शाई जेलीत उतरते. मग त्यावर एकामागून एक कोरे कागद दाबायचे, जेली प्रत्येकाला थोडी थोडी शाई देत राहते. ना चाक, ना हँडल, ना वीज.

"म्हंजी उलटं लिवावं लागत आसंल," मी म्हणाले.

"उलटं जेलीवर उमटतंय. तितनं कागदावर परत सुलटं." त्यांनी एक तळहात दुसऱ्यावर ठेवला आणि उचलला. एवढी मोठी वाक्यं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते.

ग्लिसरीनच्या बाटल्या मेडिकलमध्ये मिळाल्या. जिलेटिन फाट्यावर केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईंकडे होतं, हौसेनं मागवून तसंच पडलेलं. राहिली शाई. मामंजींना हवी होती तशी जांभळी शाई आता कुठं मिळणार?

"जांभळं कसलं, आमी मेंढराच्या जखमंला लावतो तसलं का?" मेंढपाळांनी विचारलं.

मामंजींनी मान वर केली. "आन बगू."

बाटली आली. त्यांनी काडी बुडवून कागदावर रेघ ओढली, उजेडात धरली. "ह्योच रंग. पन पातळ हाय." मग ती बाटली स्टीलच्या ताटलीत ओतून त्यांनी ताटली उन्हात ठेवली. माण तालुक्यातलं मे महिन्यातलं ऊन, दुपार उतरेपर्यंत निम्मं पाणी उडून गेलं आणि ताटलीत दाट, मोरपंखासारखी चकाकणारी शाई उरली.

पहिली जेली बिघडली. आम्ही ती परातीत ओतली होती. परातीचा तळ मध्ये किंचित फुगीर असतो, हे रोज भाकरीचं पीठ मळूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मधे जेलीचा पातळ थर, कडेला जाड. शिवाय उकाडा. कागद लावला तो चिकटला, ओढला तर निम्मा वर आणि निम्मा परातीत. मामंजी त्या फाटक्या कागदाकडे बघत बसले. मेंढपाळ कधीच वस्तीवर गेले होते, नाहीतर त्यांचा धीर तिथंच सुटला असता.

"तितं डोंगरात थंडी," मामंजी हळूच म्हणाले. "जेली दगडावानी व्हायची. हितं न्हाई जमायचं बहुतेक."

मला मात्र ते वडीसारखं वाटत होतं. पाक कच्चा राहिला तर वडी पडत नाही, म्हणून कुणी सगळं टाकून देत नाही. मी म्हणाले, "मामा, जिलेटिन वाढवू. हीच परत इतळवू."

"वाढीवलं तर तडकंल."

"तडकली तर तडकली. बघू तर खरं."

त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "आच डायरेक लावू नगंस. पान्यात ठेव पातेलं."

उरलेलं जिलेटिन भिजवलं, पातेल्यातल्या पाण्यात दुसरं पातेलं ठेवून सगळं विरघळवलं, फेस चमच्यानं काढून टाकला. फेस राहिला तर अक्षरात भोकं पडतात, हे त्यांनी सांगितलं. ट्रे केकवाल्या बाईंनीच दिला, बर्फी थापायचा, सपाट बुडाचा. तो कुठं ठेवायचा हे मी ठरवलं. माठाखालच्या ओल्या वाळूवर गोणपाट अंथरलं आणि त्यावर ट्रे. मामंजींनी वाटीत पाणी घेऊन, ती वाटी ट्रेच्या चारही कोपऱ्यांवर टेकवून पातळी बघितली. एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि मग जेली ओतली.

जेली रात्रभर जमणार होती. संध्याकाळी उजेड होता तेवढ्यात मजकूर लिहायला बसलो. गुळगुळीत कागद हवा होता, म्हणून कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडून त्याची मागची बाजू घेतली. मामंजींनी बोरू तासला आणि वरच्या ओळीत लिहायला घेतलं, "कळविण्यास आनंद होतो की..."

"मामा, आनंद मागनं. आधी जागा लिवा. मानूस गाडीवर बसल्या बसल्या वाचनार हाय."

त्यांनी बोरू थांबवला. मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांनी ते पान बाजूला ठेवलं, मार्चचं घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, "लग्नाची जागा व वेळ बदलली आहे." खाली हायस्कूल, खाली सकाळची वेळ, आणि सगळ्यात शेवटी, छोट्या अक्षरात, "कळविण्यास आनंद होतो." तेवढं त्यांना सोडवलं नाही.

अक्षर असं की छापल्यासारखं. शाई वाळेपर्यंत दोघंही ओट्यावर बसून होतो. दिवसभर एवढं बोलणं झालेलं, त्या भरात मी विचारून टाकलं.

"मामा, तुमी दुकानात कवाच येत न्हाई. राग हाय का माझा?"

"राग?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "राग कशाचा गं? आधी लोकं अर्ज लिवून घ्यायला माझ्याकडं यायची, तुला म्हायतीच हाय. दुकान झालं, तुझ्याकडं याय लागली. बेस झालं. पन मी तितं येऊन बसलो, तर त्यास्नी अवघडल्यागत हुनार. म्हातारं काय म्हनंल म्हनून तुझ्याकडनंबी लिवून घ्यायची न्हाईत. म्हनून येत न्हाई."

एवढी वर्षं मी सकाळी दुकानाचं शटर उघडताना त्यांच्या नजरेला नजर द्यायची टाळत होते, आणि ते माझं गिऱ्हाईक सांभाळत घरात बसले होते. मी उठून चहा टाकला. त्या दिवशी "ठेव" असं ते म्हणाले नाहीत, मी कप देताच हातात घेतला.

पहाटे हवा जरा थंड होती. जेली छान बसली होती, बोट लावलं तर दबायची आणि परत वर यायची. मामंजींनी ओल्या फडक्यानं ती पुसली, मार्चचं पान पालथं घातलं आणि मुठीच्या कडेनं मधून बाहेर, मधून बाहेर असं दाबत नेलं. थोड्या वेळानं कोपऱ्याला धरून उचललं. जेलीवर सगळा मजकूर उलटा उमटला होता, आतून उजेड असल्यासारखा जांभळा.

"कागद दे. कोपऱ्याला धर, घाई करू नगंस."

पहिली प्रत इतकी गडद आली की मी हसायलाच लागले. मी कागद लावायचे, ते दाबायचे, मी उचलून दोरीवर चिमट्यानं अडकवायचे. चाळीसेक प्रतींपर्यंत अक्षर स्वच्छ होतं, मग फिकट होत गेलं. शेवटच्या काही तर पाण्यानं लिहिल्यासारख्या. ऊन चढेपर्यंत ट्रेच्या कडा सुटायला लागल्या आणि आम्ही थांबलो. दोघांचेही हात कोपरापर्यंत जांभळे.

मेंढपाळ आले, दोरीवरचे कागद बघत उभे राहिले. "मेजर, म्हंजी आमच्या मेंढराच्या औषधावर पोरगीचं लगीन म्हनायचं."

"लगीन हुतंय. आदुगर पोरं धाड," मामंजी म्हणाले.

दोन गाड्यांवर पोरं गेली. लग्न हायस्कूलच्या हॉलमध्ये नीट लागलं. खिडक्या सताड उघड्या, वारं मोकळं, आणि माईक नसल्यामुळे भटजींचं सगळं ऐकू आलं असं बायका म्हणत होत्या. आटपाडीकडची माणसं वेळेवर पोहोचली. फक्त एका वाडीची जीपभर मंडळी चुकून वस्तीवर गेली. त्यांच्या वाट्याला शेवटची फिकट प्रत आली होती, "बदलली आहे" तेवढं दिसत होतं आणि काय बदललं ते दिसत नव्हतं. वस्तीवर त्यांना कोकरं आणि राखणीला ठेवलेली एक आजी भेटली. ती मंडळी पंगतीला पोहोचली आणि पोटभर जेवली. हात धुताना त्यांतल्या एकानं माझी बोटं बघून विचारलं, "वैनी, इलेक्शन हाय का तुमच्यात?"

वीज आली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ट्रे परत द्यायला म्हणून धुवायला घेतला. जेली पातेल्यात काढली आणि मामंजी आपणहून बोलायला लागले. पुढच्या पोस्टिंगला जेली गेली आणि ड्रमचं यंत्र आलं, म्हणाले. त्याचा कागद मेणाचा. टाइपरायटरची रिबन काढून नुसती अक्षरं त्यावर आपटायची, म्हणजे तेवढ्या जागेचं मेण निघतं. ड्रमच्या पोटात शाई, त्याला बारीक भोकं, वर तो मेणकागद ताणून लावायचा. हँडल फिरवलं की शाई मेण गेलेल्या जागेतूनच बाहेर येते आणि खालून सरकणाऱ्या कागदावर बसते.

"आन टाइप करताना चूक झाली तर?"

"तर लाल पाण्याची बाटली असायची. ब्रशनं त्या अक्षरावर लावायचं, फुंकर मारायची, परत टाइप. वास असा यायचा, तुमी बायका नखाला लावता ना, तसला. एकदा साहेबाची मिसेस ऑफिसात आली आन माझ्या टेबलापाशी थांबून वास घ्याय लागली. मी बाटली ड्रावरात लपीवली." ते हसले. मला त्यांचे खालचे दात दिसले, एक पडलेला.

"आत्यांस्नी सांगितलं हुतं का हे?" मी सासूबाईंबद्दल विचारलं.

"न्हाई. घरी ऑफिसचं काय बोलायचं नसायचं. गोपनीय."

"आन मला सांगताय ते?"

त्यांनी ट्रे पालथा केला, पाणी निथळू दिलं. "आता कुनाला काय करायचंय त्याचं," म्हणाले. मग ड्रमच्या भोकांतून शाई सगळीकडे सारखी कशी पसरायची, ते सांगायला त्यांनी ओल्या बोटानं ओट्यावर चित्र काढायला घेतलं. फरशी तापलेली होती. एक बाजू काढून होईपर्यंत दुसरी वाळत होती, आणि ते न कंटाळता पुन्हा बोट बुडवत होते. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला आणि मांडी घालून समोर बसले.