हात बदला

मारुतीअण्णांची आणि माझी ओळख एका फटक्याने झाली. फटका मला नव्हे, आमच्या मजल्यावरच्या निखिलला बसला. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीत अण्णा नुकतेच लेकीकडे राहायला आले होते. निखिल पुण्याचा, आयटीतला, अदबशीर मुलगा. लिफ्टपाशी "हाय अंकल" म्हणत त्याने उजवा हात पुढे केला. अण्णांनी डाव्या तळव्याच्या कडेने त्याच्या मनगटावर असा वार केला की खांद्यावरची डब्याची पिशवी घसरून खाली पडली.

"हात बदला," अण्णा म्हणाले.

वय ऐंशीच्या पुढे, उंची बेताची, मनगटं मात्र सुताराची वाटावीत अशी. मी डबा गोळा करत असताना त्यांनी निखिलला समजावून सांगितलं, "स्काउट डाव्या हातानं हात मिळवतो. का? डाव्या हातात ढाल असते. ती खाली ठेवली म्हणजे समोरच्यावर विश्वास टाकला."

"आणि उजव्या हातात काय असतं?" मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "भाला. तो ठेवा असं कुणी सांगितलेलं न्हाई, बाई. हे विचारणारी तुम्ही पहिलीच."

दुसऱ्या दिवशी ते चार जाडजूड वह्या घेऊन माझ्या दारात उभे होते. अण्णा मूळचे निपाणीकडचे. बेंगळुरूच्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काढली आणि दर रविवारी मुलांची स्काउट पथकं चालवली. आता त्यांना सीमाभागातल्या पहिल्या पथकांचा इतिहास लिहायचा होता: कुणी सुरू केली, कोण मुलं होती, शिबिरं कुठे भरली. माहिती भरपूर होती, पण कशाचा कशाला पत्ता नव्हता. मी आयुष्यभर ऑफिसं सांभाळली आहेत. याद्या केल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी तक्ता आखला: नाव, गाव, टोळी, हयात की नाही, मुलाखत झाली की बाकी. अण्णा तक्ता बघून म्हणाले, "सरी, बरोबर. आता पथक झालं."

त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे मारामारीच्या शेजारी बसून लिहिणं होतं. दाराआड त्यांची स्काउटची काठी असे, त्यांच्या कानाइतकी उंच. फुटपाथवरून दामटलेल्या एका मोटरसायकलचा आरसा तिने फोडलेला मी पाहिला आहे. एकदा बागेत एका बापाने पाच वर्षांच्या मुलीला थोबाडीत मारली. अण्णा शांतपणे चालत गेले आणि त्यांनी त्या बापाला तशीच एक दिली. त्याचा गाल लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. "आता सांगा," अण्णांनी विचारलं, "काय शिकलात?" परत येऊन अण्णा माझ्या शेजारी बसले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. "माराचं असं असतं बाई," ते म्हणाले. "मार खाणारा विसरत न्हाई हे सगळे सांगतात. मारणारा पण विसरत न्हाई."

त्यांच्या गावातलं पहिलं पथक देसाई मास्तरांनी काढलं होतं. मास्तर कधीच गेले. त्यांचा मुलगा देवनहळ्ळीला स्थायिक झालेला. तिथली शेती प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याला देऊन त्याने घर रिकामं करायला काढलं आणि मास्तरांचे कागद रद्दीवाल्याला देऊन टाकले. हे कळताच अण्णा आणि मी बसने निघालो. दुकानात पोचलो तेव्हा रद्दीवाला पथकाच्या जुन्या नोंदवहीचा कापडी पुठ्ठा पानांपासून ओरबाडून काढत होता.

अण्णांनी त्याची कॉलर धरून त्याला गठ्ठ्यांवर आपटलं. "स्वल्प इरी, अज्जा," तो बिचारा म्हणत होता, आजोबा जरा थांबा. अण्णा कसले थांबतात. दुसरा गुद्दा त्याच्या नाकावर बसला तेव्हा तराजूपाशी उभ्या असलेल्या त्याच्या भावाने दोन किलोचं वजन उचलून अण्णांच्या कपाळावर मारलं. रक्त भुवईवरून नोंदवहीवर ठिबकलं. मी मध्ये पडले, दोन्हीकडची माफी मागितली, वही हस्तगत केली. अण्णांनी खिशातून स्काउटचा रुमाल काढला, तिरका दुमडला आणि आरशाशिवाय स्वतःच्या डोक्याला पट्टी बांधली.

बसमध्ये ते डोळे मिटून बसले आणि मी वही चाळली. एका पानावर जांभळ्या शाईत शिबिराची नोंद होती. अनंत पोतदार याने दोन काड्यांत चूल पेटवण्याच्या परीक्षेत लबाडी केली. शिक्षा: मुलांच्या दोन रांगांमधून धावणे, मुलांनी काठी फक्त पाठीवर मारणे. खाली रांगेत उभ्या असलेल्या बारा मुलांची नावं. त्याखाली वेगळ्या शाईत: अनंतचा डावा हात मोडला. झाडावरून पडला असे घरी कळवावे.

आठवड्याने अण्णांनी त्या शिबिराच्या प्रकरणाची पक्की प्रत माझ्याकडे दिली. त्यात मास्तरांची शिक्षा नव्हती. 'अनंत पोतदार झाडावरून पडला,' एवढंच. परिशिष्टात शिबिरातल्या बाकीच्या मुलांची अकरा नावं होती आणि पुढे लिहिलं होतं, 'बारावे नाव वाचता येत नाही.'

बारावं नाव मी बसमध्ये वाचलं होतं. अक्षर मोत्यासारखं होतं. मारुती चौगुले, टोळीनायक.

माझ्या तक्त्यात आणखी एक गोष्ट वर्षभर अडकून होती. 'अनंत पोतदार, हयात, कोरमंगला, मुलाखत बाकी.' कधीही विचारलं की अण्णा म्हणत, "जाऊया की ओ, सावकाश." आमच्या इमारतीपासून कोरमंगला रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

मी वही आणि लॅपटॉप घेऊन वर अण्णांकडे गेले आणि सरळ सांगितलं. "अण्णा, दोन कामं राहिलीत. बारावं नाव आणि पोतदारांची मुलाखत."

स्टीलचा पेला माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. मग दाराआडची काठी आली. ती टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर पडली आणि पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकला. त्यांची लेक स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली. अण्णांनी काठी पुन्हा उचलली, या वेळी माझ्या दिशेने. मी घाबरले होते, खोटं का सांगू. पण वही मांडीवरून काढली नाही.

"मारा," मी म्हटलं. "फक्त नंतर मी झाडावरून पडले असं लिहू नका."

काठी खाली आली, जमिनीवर. अण्णा खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत बोलू लागले.

"अकरा जणांचा मार खाऊन अंत्या शेवटाला आला होता. ते हळू मारत होते ओ, मित्रच की सगळे. मास्तर माझ्याकडं बघत होते. मी टोळीनायक. मी डोक्यावरनं काठी आणली. अंत्यानं डावा हात वर केला. ढालीसारखा. चाळीस वर्षं लेथच्या आवाजात काढली, बाई. हाड मोडल्याचा तो आवाज काही बुडाला न्हाई."

मग त्यांनी पेन मागितलं आणि परिशिष्टात स्वतःचं नाव लिहिलं. प्रकरणात शिक्षाही लिहिली, जशी झाली तशी. "आता दुसरं काम," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही कोरमंगलाला गेलो. दोन्हीकडे पोरांची पीजी हॉस्टेलं, दारादारांत स्कूटी, आणि मधल्या जुन्या घराच्या व्हरांड्यात खुर्चीवर अनंत पोतदार बसले होते. त्यांचा डावा हात कोपरात दुमडून बरगडीला चिकटलेला होता, वाळलेला. अण्णा पायऱ्या चढले, सावधानमध्ये उभे राहिले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा डावा हात पुढे झाला.

पोतदारांनी त्या हाताकडे पाहिलं. "मारत्या," ते म्हणाले, "तो हात तू घेऊन गेलास की."

ते उठले आणि उजव्या हाताने त्यांनी अण्णांच्या कानशिलात लगावली. चष्मा पायऱ्यांवर गेला. दुसरी त्याहून मोठी होती, अण्णांचा ओठ फुटला. अण्णा हलले नाहीत. आतून पोतदारांची नात ओरडत आली.

"तू आत जा," पोतदार धापा टाकत म्हणाले. "आमची कवायत चाललीय."

"अकरा जणांचं पण घे," अण्णा म्हणाले. "ते सगळे गेले."

"ते हळू मारत होते. तुझं तेवढं घेतलं." पोतदार खुर्चीत कोसळले. मग म्हणाले, "सत्तर वर्षं मी झाडावरून पडतोय, मारत्या. बायकोला तेच सांगितलं, पोरांना तेच. आता उतरव मला."

अण्णांनी मला खूण केली. मी पान वाचून दाखवलं, बाराव्या नावापर्यंत. पोतदारांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. मी सवयीने 'हात बदला'ची वाट बघत राहिले, पण ते आलं नाही. ओठाचं रक्त हाताला लागलं होतं. त्यांनी तो पँटला पुसला आणि पोतदारांच्या हातात दिला.

त्यानंतर काही दिवसांनी लिफ्टपाशी निखिल भेटला. त्याने शहाण्यासारखा डावा हात पुढे केला, मनगट जरा मागे ठेवूनच. "हात बदला," अण्णा म्हणाले आणि उजवा दिला. निखिलने माझ्याकडे पाहिलं.

"भाला?" मी अण्णांना विचारलं.

"कोरमंगलात ठेवला."

पुस्तक छापून येण्याआधीच अण्णा गेले. स्मशानात लेकीने त्यांची काठी आणली होती, चितेवर ठेवायला. पोतदार रिक्षातून उतरले आणि त्यांनी ती मागून घेतली. एक टोक जमिनीवर टेकवून त्यांनी मधोमध पाय दिला, पण एका हाताने जोर पुरेना. कुणी पुढे होईना. शेवटी निखिल गेला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

काठी मोडली. पोतदार तसेच उभे राहिले, मान जराशी तिरपी करून.

"हाच," ते म्हणाले. "हाच आवाज होता."