जीन्स घातलेले आदिवासी स्टेजवर चालत नाहीत

शहाद्याच्या सत्कार समारंभातला तो मोरपिसांचा फोटो सकौतुक शेअर करणाऱ्यांनो, आज दुपारी तिथे काय झालं ते आधी वाचा.

'शेवटची बस' हा धडगावच्या चार पोरांचा बँड. गिटारवर पावरी भाषेतली स्वतःची गाणी गातात. मी म्हसावदचा, आदिवासी नाही, आमच्या घरात अहिराणी, तरी त्यांची सगळी गाणी मला तोंडपाठ आहेत. आज ते गाणार म्हणून दुकान बंद करून पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

पोरं स्टेजवर चढली तर आयोजक भाऊंनी मोरपिसांचे टोप पुढे केले. "जीन्स घालीसन कोन आदिवासी म्हनी तुमले? हाई घाला नि ढोल वाजाडा. गिटार ऱ्हाऊ द्या."

गाणारा रायसिंग म्हणाला, "भाऊ, हा टोप होळीचा आहे. नवस पाळणाराच घालतो. आम्ही गायला आलोय."

"अरे, फोटोपुरता घाला!"

"नाही."

गिटार पिशवीत गेली, पोरं बसस्टँडवर गेली. मी "गाणं होऊ द्या" म्हणून ओरडलो, तर शेजारचे साहेब माझ्यावरच डाफरले, "खाली बसा, पाहुणे आले."

संध्याकाळी भाऊंची पोस्ट आली: 'सातपुड्याच्या आदिवासी कलाकारांकडून पाहुण्यांचं स्वागत.' खाली तुमची बदामांची रांग आणि 'हीच आपली खरी संस्कृती'.

रायसिंगचं एक तरी गाणं ऐकलंय का तुम्ही?

आणि फोटोत टोप घालून ढोल बडवणारा तो 'खरा आदिवासी' माझा मावसभाऊ बंटी आहे. शहाद्यात मोबाईलची कव्हरं विकतो.