एकेक मूठ पीठ

"मूठ खोल आधी!"

शनिवारी संध्याकाळी अक्का स्टीलचा डबा घेऊन दारात यायची आणि एवढंच म्हणायची. अंबरनाथच्या आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा. त्याची भाकर अक्का भाजायची, पण पीठ घराघरातून एकेक मूठ. नगरकडच्यांची ज्वारी-बाजरी, अक्काची नि तिच्या तमिळ शेजाऱ्यांची नाचणी, उल्हासनगरहून येणाऱ्या सिंधी ताईंचा गहू.

अशी भाकर कशी होते, हे पीठ मळणाऱ्यांना सांगायला नको. पाळकसाहेबांना ती मोडता मोडत नसे.

"अक्का, पुढच्या वेळी करवत आणू का?"

"दात आहे ना? मग चाव सावकाश."

मी आठवीत शाळा सोडलेली. गाव नगरच्याही पलीकडे. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागले होते. अक्का पहिल्यांदा दारात आली तेव्हा घाबरलेच.

"माझ्याकडे काही नाही हो."

"वो कोने में क्या है?"

आईने बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ होतं, पुरवून पुरवून वापरत होते. दिलं थोडं. दुसऱ्या दिवशी आईच्या हातचं दळण सगळ्या मंडळीच्या तोंडी गेलं. ज्यांची भाषा मला कळत नव्हती, त्यांच्याही. शेवटच्या बाकावर बसून मी रडले. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटून रडले.

पुढे उपासना भाषेप्रमाणे वेगळ्या कराव्यात, असं निघालं. आमच्यातले एक काका सभेत म्हणाले, "तुमची तमिळ प्रार्थना संपेपर्यंत आमच्या घरी मटण करपतं."

लोक हसले. अक्का नाही हसली. "करपू दे. माझ्याकडे ये जेवायला. पर अलग नहीं बैठने का."

तेव्हा तिचे पाय सुजलेले. डॉक्टरांनी जिने बंद केले होते, तरी ती चढायची. मी म्हणायचे, "अक्का, तू खाली थांब, मी आणते."

"तुला उद्या ये म्हणतील. माझ्या तोंडावर कोण म्हणेल?"

खरंच कोणी म्हटलं नाही. ती होती तोवर सगळे एकत्रच बसले.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती गेली. मातीला सगळे आले. एकाच चालीवर तिन्ही भाषांतून गाणं चाललं होतं. मला वाटलं, आता हे फुटत नाहीत.

महिनाभरात दोन वेगळ्या उपासना झाल्या, एक मराठी, एक बाकीच्यांची. कोणी भांडलं नाही, सोय म्हणून झाल्या. भाकरीच्या जागी बेकरीचा पाव आला. मी एकदा डबा घेऊन निघाले होते. माणसं चांगली वागली, चहासुद्धा दिला. "आता पाव असतो ना गं," म्हणाली.

पहिली उपासना सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा दारात थोडी गर्दी होते. चपला घालणारे आणि चपला काढणारे एकमेकांना सलाम करतात, अंग चोरून वाट देतात. मी भिंतीला टेकून दोन्हीकडचे ओळखीचे चेहरे बघत राहते. मग कोणीतरी आतून दार लोटून घेतं.