पुस्तकाबाहेरची कँटोनीज

१३ मार्च २०१५, शुक्रवार. शर्टांना इस्त्री करत होते. नवरा म्हणाला, "ड्युसेलडॉर्फमध्ये राहून कँटोनीज शिकतेस. त्यापेक्षा जर्मन सुधार की."

"अरे, माझं जर्मन उत्तम आहे. भाडेकरार रद्द करता येतो. फक्त कुणाची फिरकी घेता येत नाही." उरलेले शर्ट त्याच्याकडे सरकवले आणि संध्याकाळच्या वर्गाला निघाले.

ऑफिसात मी दुपारी हाँगकाँगच्या दोघींबरोबर जेवायचे. माझ्यासाठी त्या इंग्रजीत बोलायच्या, पण हसायची वेळ आली की कँटोनीजमध्ये. मला त्या हसण्यात शिरायचं होतं. वर्ग लावला तो एवढ्यासाठीच.

शिक्षिका हाँगकाँगचीच, इथे पीएचडी करणारी मुलगी. पुस्तक लवकर मिटून ती रस्त्यावरचं शिकवायची. 'पाणी फुंकणं' म्हणजे गप्पा छाटणं. 'विमान सोडणं' म्हणजे येते सांगून टांग देणं. नोकरीवरून काढलं, की 'म्हाकूळ परतलं', कढईत स्क्विड परततात तसं.

"आमच्याकडे नारळ देतात," मी सांगितलं होतं.

"म्हणजे निदान हातात काहीतरी मिळतं," ती म्हणाली होती.

त्या शुक्रवारी मात्र तिने पुस्तक मिटलंच नाही. वर्गातल्या एका निवृत्त लॅटिन शिक्षकांनी तक्रार केली होती. भाषाकेंद्राने तिला बजावलं होतं, फक्त पुस्तक शिकवा, नाहीतर दुसरी शिक्षिका आणू.

"आज हॉटेलात खोली मागायला शिकू," ती म्हणाली.

"मला खोली नको," मी म्हटलं.

लॅटिनवाले वळले. "आल्झो," त्यांनी जर्मन 'तर मग'ने सुरुवात केली, "परीक्षेत थट्टा विचारत नाहीत."

"जेवणाच्या टेबलावर परीक्षा घेत नाहीत. इथे इतकी वर्षं मी शुद्ध बोलतेय. अजून कुणी मला थट्टेत घेतलेलं नाही."

शिक्षिका मान खाली घालून बसली होती. भांडले असते मी, पण नोकरी तिची गेली असती. मग ट्रामच्या थांब्यावर तिला गाठलं.

"केंद्रात काय शिकवायचं ते केंद्राने सांगावं. माझ्या घरात नाही. उद्या जेवायला ये."

"आणि विमान सोडलं तर?"

"तर सोमवारी ऑफिसात तुझ्यावरच पाणी फुंकू."

ती हसली. येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून घडीच्या खुर्च्या वर आणल्या, पुसल्या, आणि ऑफिसातल्या दोघींना फोन केला. जेवायला या म्हटलं, पण इंग्रजी घरी ठेवून या.